स्वस्तातली सुशी: आधी भात बघा, मासा मागाहून

प्रश्न असा आला आहे: "मी ऐरोलीत एका आयटी कंपनीत काम करते. वडील दहा दिवस इस्पितळात होते तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने माझं सगळं काम ओढलं. तिला एकदा बाहेर जेवायला न्यायचंय. सुशी खाऊन बघायची तिची फार इच्छा आहे, आणि माझीही. दोघींचे मिळून दोन हजारांच्या वर जायला नको. मी मूळची अलिबागची, मासे रोजचेच, पण कच्चा मासा कधी तोंडात घातलेला नाही. ती गुरुवार पाळते, एरवी सगळं खाते. इतक्या पैशांत मिळणारी सुशी खावी का? काय मागवावं? आणि तिच्यासमोर फजिती होऊ नये म्हणून काय लक्षात ठेवावं?"

मी चौदा वर्षं सुशीच्या काउंटरवर उभी राहिले आहे, आधी मुंबईतल्या एका हॉटेलात, मग वाशीत आणि आता ठाण्यात. त्याआधीचं बालपण चेंदणी कोळीवाड्यात आईच्या पाटीशेजारी बसून गेलं. त्यामुळे तुमच्या मनातली धाकधूक मला नीट कळते. माझं उत्तर सरळ आहे: खा, मनापासून खा. फक्त जागा निवडताना माशाकडे बघून ठरवू नका, भाताकडे बघून ठरवा.

सुशी म्हणजे कच्चा मासा, असं आपल्याकडे पक्कं बसलंय. पण सुशी हे नाव भाताचं आहे, तांदळाचा व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेल्या आंबटगोड भाताचं. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना साशिमी म्हणतात, तो पदार्थच वेगळा. भाताबरोबर काकडी आली तरी सुशी, अंडं आलं तरी सुशी. आणि स्वस्त सुशी म्हणजे काहीतरी दुय्यम, असंही मानू नका. हाताने दाबून केलेली निगिरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रस्त्यावरच्या गाड्यांवर विकली जायची. ती रूढ करण्याचं श्रेय हानाया योहेई या माणसाला देतात. माणसं उभ्या उभ्या दोन तुकडे खाऊन कामाला जायची, आपण वडापाव खातो तसं. पुढे सुशी महाग झाली, तेव्हा ओसाकाजवळच्या योशिआकी शिराइशी यांनी १९५८ मध्ये फिरत्या पट्ट्याचं पहिलं दुकान काढलं. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या बघून त्यांना ते सुचलं होतं. पट्टा सेकंदाला साधारण ८ सेंटिमीटर सरकायचा: त्याहून हळू गेला तर गिऱ्हाईक कंटाळतं, जोरात गेला तर तुकडे सुकतात. कामावर जाणाऱ्या माणसाला परवडेल अशी सुशी द्यायची, म्हणून हा सगळा खटाटोप. तेव्हा दोन मैत्रिणींनी दुपारच्या सुट्टीत दोन हजारांत सुशी खाणं हे अगदी तिच्या मूळ स्वभावाला धरून आहे.

आता भाताबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण खरी मेख तिथेच आहे.

आखूड, चिकट दाण्याचा तांदूळ पाणी निवळेपर्यंत धुवायचा, भिजवायचा, मोजक्या पाण्यात शिजवायचा. कढत असतानाच लाकडी परातीत उपसून त्यावर व्हिनेगरचं पाणी शिंपडायचं आणि उलथन्याने कापल्यासारखा परतायचा, ढवळायचा नाही, नाहीतर लगदा होतो. शेजारी एक जण पंख्याने वारा घालतो, म्हणजे वरचं पाणी उडतं आणि शितावर चकाकी येते. हा भात अंगाइतका कोमट असताना वापरायचा असतो. निगिरी करताना मी बोटं व्हिनेगरच्या पाण्यात बुडवते, मोठ्या सुपारीएवढा भात घेते आणि दोन-तीन दाबांत आकार देते. चौथा दाब दिला की बिघडलं. उचलताना तो तुटू नये आणि जिभेवर ठेवल्यावर शीत न् शीत सुटं व्हावं, इतकाच तो धरायचा. हे जमायला मला दीड वर्ष लागलं. अजूनही घाईच्या दिवशी हात चुकतो, आणि चुकला की बोटांना लगेच कळतं.

स्वस्त जागांमध्ये बिघडतं ते इथेच. काम वाचवायला सकाळीच रोल वळून फ्रीजमध्ये ठेवतात. भात फ्रीजमध्ये गेला की त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि शितं कडक, कोरडी लागतात. शिळा भात सकाळी मोकळा-कडक का असतो, तेच कारण. आपण त्याला फोडणी देऊन परत मऊ करतो, सुशीला तो मार्ग नाही. म्हणून रोल हाताला गार लागला आणि भात दाताखाली खरखरीत लागला, तर वरचा मासा कितीही सुंदर असो, ती जागा सोडून द्या. भात बाहेर ठेवला तर आंबणार नाही का, असं कुणी विचारेल. व्हिनेगरचं प्रमाण बरोबर असेल तर भाताचा पीएच ४.६ च्या खाली जातो आणि त्या आंबटपणात घातक जिवाणू वाढत नाहीत. चांगलं स्वयंपाकघर हे मोजतं आणि त्या पाळीचा उरलेला भात त्याच दिवशी टाकून देतं.

परीक्षा कशी घ्यायची? बसल्या बसल्या आधी फक्त काकडीचा रोल मागवा. मेनूवर त्याला कप्पा माकी म्हणतात. जपानी लोककथांतला कप्पा नावाचा नदीतला जीव काकडीवर जीव टाकतो, म्हणून हे नाव. हा बहुतेक ठिकाणी यादीतला सगळ्यात स्वस्त पदार्थ असतो, आणि त्यात लपायला जागाच नाही. मेयोनीज नाही, तळलेलं काही नाही, सॉस नाही. भात कोमट आणि मऊ आहे का, समुद्री शेवाळाचा पापुद्रा, म्हणजे नोरी, चावताना कुर्रकन तुटतो की वातड होऊन दातांनी ओढावा लागतो, काकडी नुकती चिरलेली आहे का, तुकडे एकसारखे कापलेत का, एवढं त्या सहा तुकड्यांत कळतं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती इथे शब्दशः लागू आहे. काकडी पास झाली तर पुढचं मागवा. नापास झाली तर गरम नूडल्स किंवा भातावरचं चिकन मागवून जेवण पुरं करा. त्यात काही कमीपणा नाही.

जाता जाता एक सांगते. काही लहान स्वयंपाकघरांत जपानी तांदळाऐवजी इंद्रायणी वापरलेला मी पाहिला आहे. चिकटपणा चालून जातो, फक्त त्याचा स्वतःचा वास व्हिनेगरच्या वर येतो. मला ते मुळीच वाईट वाटत नाही. घरी मुलीसाठी मी इंद्रायणीचीच काकडी-सुशी करते. पण मेनूवर जपानी तांदूळ लिहून इंद्रायणी देऊ नये.

आता माशाची भीती. तुम्ही अलिबागच्या, म्हणजे मासा कल्ला उचलून बघायची सवय तुम्हाला असणारच. इथे मात्र आपल्या कोळीवाड्याचं एक शहाणपण बाजूला ठेवावं लागतं. आपण म्हणतो ताजा तो चांगला. शिजवायला हे शंभर टक्के खरं. कच्चा खायला नुसता ताजेपणा पुरत नाही, कारण समुद्रातल्या माशात अनिसाकिस नावाची बारीक अळी असू शकते, आणि जाळ्यातून आत्ता काढलेल्या माशातही ती जिवंत असते. तिला मारायला गोठवावं लागतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा दंडक उणे २० अंशांवर सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर गोठवून पंधरा तास ठेवण्याचा आहे. घरच्या फ्रीजरवर यासाठी विसंबू नका. म्हणून कुठे 'आजच धक्क्यावरून आणलेला मासा, कच्चा खा' असं कौतुकाने सांगितलं, तर मी तरी खाणार नाही. 'आमचा मासा गोठवलेला येतो' हे उत्तर ऐकून नाक मुरडू नका, ते प्रामाणिक उत्तर आहे. अर्थात गोठवल्याने अळी मरते, जिवाणू मरत नाहीत. त्यामुळे वितळवल्यापासून ताटात येईपर्यंत थंडावा सांभाळणं हे तितकंच मोठं काम आहे.

पहिल्या वेळी सॅल्मन घ्या. तो बहुतेक पाळलेला असतो, गोळीखाद्यावर वाढतो, त्यामुळे त्यात या अळीचा धोका फार कमी. चवीलाही सौम्य, लोण्यासारखा. तुम्हाला गंमत वाटेल, पण कच्च्या सॅल्मनची सुशी ही जपानची जुनी परंपरा नाही. तिथले लोक त्यांचा स्थानिक सॅल्मन अळीच्या भीतीने शिजवूनच खायचे. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला पाळलेला मासा खपवण्यासाठी जपानमध्ये मोठी मोहीम चालवली, तिथून हे सुरू झालं. म्हणजे बिचकण्यात तुम्ही एकट्या नाही, जपानी माणसालासुद्धा समजवावं लागलं होतं. आणि हा मासा परदेशातून येत असल्यामुळे १ जून ते ३१ जुलैच्या आपल्या मासेमारी बंदीचा त्याच्याशी संबंध नाही. पावसाळ्यात सुशी नको, हा नियम तुम्हाला लागू करायची गरज नाही.

ट्यूना मात्र स्वस्त जागी टाळा. हे मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी नवी मुंबईतल्या एका ठिकाणी मी आमच्या स्वयंपाकघरातल्या हिशेबनीस ताईंबरोबर जेवायला गेले होते. ट्यूनाचा रंग कलिंगडासारखा, सगळीकडे एकसारखा लाल. मी पहिला घास घेतला आणि ओठांना मिरी लागल्यासारखी चुणचुण झाली. मी थांबले, पण ताईंनी तोवर दोन तुकडे खाल्ले होते. अर्ध्या तासात त्यांचा चेहरा लालबुंद झाला, मानेवर गांधी उठल्या, डोकं ठणकायला लागलं. जवळच्या डॉक्टरांकडे नेलं, ॲलर्जीवरची गोळी दिल्यावर संध्याकाळपर्यंत उतरलं. माझी आई म्हणायची, बांगडा उन्हात राहिला की अंगावर पित्त उठतं. तेच हे. ट्यूना, बांगडा यांसारख्या माशांना थंडावा नीट मिळाला नाही की त्यांत हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून किंवा गोठवूनही जात नाही. रंगावर तर जाऊच नका, तो वायू देऊन लाल टिकवता येतो. ओठांना चुणचुण झाली की घास तिथेच सोडायचा. समोर कोण बसलंय, बरं दिसेल का, याचा विचार करायचा नाही. त्या दिवशी मी ताईंना वेळेत थांबवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

खेकड्याच्या नावाने जी लाल-पांढरी कांडी येते, ती खेकडा नसते. ती सुरिमीची, म्हणजे माशाच्या धुतलेल्या लगद्याची. आपल्याकडे ही सुरिमी बरीचशी राणी माशापासून होते आणि रत्नागिरीत तिचे मोठे कारखाने आहेत. शिजवलेली असते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. फक्त खेकड्याचे पैसे देताय असं समजू नका.

मग काय मागवायचं? माझ्या पाहण्यातले भाव असे: भाजीचा आठ तुकड्यांचा रोल साडेतीनशे ते पाचशे, सॅल्मन निगिरीचे दोन तुकडे तीनशे ते साडेचारशे, कोळंबीच्या टेम्पुराचा, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या कोळंबीचा, रोल साडेपाचशेच्या आसपास. एका मोठ्या रोलमध्ये साधारण सव्वाशे ग्रॅम भात असतो, त्यामुळे दोघींना मिळून वीस-बावीस तुकडे पुरतात. आधी काकडी. मग सॅल्मन निगिरीची एक जोडी, एकेक तुकडा. शेवटी तळलेल्या कोळंबीचा रोल, कारण तो आपल्या जिभेला ओळखीचा आहे. अजून जागा असली तर गोडसर तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी. सगळं एकदम मागवू नका, वाट बघत पडलेला रोल दर मिनिटाला बिघडतो. 'स्पायसी सॅल्मन' पहिल्या फेरीत नको. एका माशातून काउंटरवर देण्यासारखे नेटके काप निम्म्याच्या आसपासच निघतात, आणि उरलेल्या बारीक तुकड्यांत तिखट मेयोनीज घालून हा रोल होतो. माल वाया न घालवण्याची ही चांगली रीत आहे, मीही करते. पण साधा तुकडा चांगला निघाला, तरच त्या जागेच्या मिसळलेल्या तुकड्यांवर विश्वास ठेवावा. अनलिमिटेडच्या पाट्यांपासून लांब राहा. तिथे पोट भातानेच भरवतात, आणि तो भात दाबून दाबून भरलेला असतो.

गुरुवार सोडून जा, आणि आधी संकष्टी नाही ना तेही एकदा बघून घ्या. तरीही ऐनवेळी गुरुवारच ठरला, तर एवढं सांभाळा: मिसो सूपचं पाणी बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचं असतं. इनारीचा टोफूही त्याच पाण्यात शिजवलेला असू शकतो. रोलवरचे केशरी दाणे माशाची अंडी असतात. भाजीचा टेम्पुरा कोळंबीच्याच तेलात तळला जातो का, हे विचारावं लागतं. सुरी आणि पाटही वेगळा आहे का ते विचारा. चांगला आचारी अशा प्रश्नांनी चिडत नाही, मला तर उलट बरं वाटतं. आणि तिने ऐनवेळी 'मला कच्चं नको' म्हटलं, तर कारण विचारू नका, आग्रहही करू नका. दिवस गेलेल्या बाईने, किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झालीय त्यांनी कच्चा मासा टाळायचा असतो, आणि ऑफिसातल्या माणसाला ते सांगायची इच्छा असेलच असं नाही. शिजवलेल्या पदार्थांतही छान जेवण होतं.

फजितीचं म्हणाल तर सुशी हाताने खाल्ली तरी चालते. जपानमध्येही निगिरी हाताने खातात, तेव्हा काड्या जमत नसतील तर खुशाल हात धुऊन बसा. तुकडा एका घासात. सोया सॉस वाटीत चमचाभरच घ्या आणि निगिरी उलटी करून माशाची बाजू टेकवा. भाताची बाजू बुडवली तर तो सॉस पिऊन फुटतो आणि खारट होतो. हिरवा वसाबी नखाएवढा घ्या. स्वस्त जागी तो खरा वसाबी नसतो, हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग असतो. झणका मात्र तोच, आपण लोणच्याला मोहरी फेसतो तेव्हा नाकात चढतो तो. चढला तर पाणी पिऊन उपयोग नाही, तोंडाने श्वास घ्या, अर्ध्या मिनिटात जातो. आल्याचं लोणचं तुकड्यावर ठेवायचं नसतं, दोन चवींच्या मध्ये तोंड साफ करायला खायचं. आणि काड्यांनी खाल्लंत, तर त्या भातात उभ्या खोचू नका, एकीच्या काड्यांतून दुसरीच्या काड्यांत घास देऊ नका. जपानमध्ये हे दोन्ही अंत्यविधीत करतात.

पैशांचं आधीच बोलून टाका. एरवी ऑफिसात टीटीएमएम ठीक आहे, पण हे आभाराचं जेवण आहे. 'आज मी देणार' हे निघतानाच सांगितलं की तिथे ओढाताण होत नाही. अशा रेस्टॉरंटात जीएसटी साधारण ५ टक्के लागतो, तो धरूनच दोन हजार मोजा. सर्व्हिस चार्ज मात्र बिलात आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा सूचना दिल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. लावला असेल तर शांतपणे काढायला सांगा, आणि वाढणाऱ्याने चांगलं केलं असेल तर त्याच्या हातात द्या.

ऐरोलीहून तुम्हाला ट्रान्स-हार्बरने ठाणं किंवा वाशी दोन्ही सोयीचं. हिरानंदानी इस्टेट, घोडबंदर रोड, वाशीचं सेक्टर १७, सीवूड्सकडचा पट्टा, या सगळीकडे आता मध्यम भावाची दुकानं झाली आहेत. मी जाईन ते गर्दी असलेल्या ठिकाणी, दुपारी साडेबाराला किंवा संध्याकाळी साडेसातला, म्हणजे भात नुकता झालेला असतो. काउंटरवर जागा असेल तर तिथेच बसा. वळणाऱ्याचा पाट दर रोलनंतर पुसला जातोय का, मासा बर्फाळ कपाटातून गरजेपुरताच बाहेर येतोय का, नोरीचा डबा लगेच बंद होतोय का, हे समोर दिसतं. अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक भिंतीवर असायलाच हवा. आत शिरताच माशाचा वास आला तर तिथूनच परत फिरा, सुशीच्या दुकानाला व्हिनेगरचा आणि भाताचा वास यायला हवा.

उरलं तर पार्सल घेऊ नका, ऑफिसात मागवूही नका. मे महिन्यात स्कूटरच्या डब्यात पाऊण तास फिरलेला कच्चा मासा मी कुणालाच खाऊ देणार नाही, आणि बर्फ ठेवून आणला तर भात कडक होतो. शेवटचे दोन तुकडे जड वाटत असतील तर ग्रीन टी मागवा, गप्पा मारा आणि पाच-दहा मिनिटांत तिथेच संपवा.